डावा हात दादाचा

"मोडलंय ते दिसतंय की. कुठं मोडलंय ते सांगा."

सिस्टर आमच्या गल्लीत राहत होत्या तोवर हे वाक्य रोज कुणाच्या ना कुणाच्या कानावर पडायचं. मिक्सर असो, पोराचा गुडघा असो की सासू-सुनेचं भांडण. त्या चष्मा कपाळावर सरकवायच्या, जवळ वाकून बघायच्या आणि हाच प्रश्न विचारायच्या. सोलापुरातल्या एका दवाखान्यात त्यांची नोकरी. नाव सगळ्यांना ठाऊक, पण हाक 'सिस्टर' हीच.

त्यांचा थोरला भाऊ त्यांच्याकडेच असायचा. तरुणपणी तो गायनपार्टीत गायचा, गिटार वाजवायचा. मग अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर बोलणंही. उरले दोनच शब्द, "तेच की." चहा हवा का? तेच की. दुखतंय का? तेच की. त्यातलं हो कुठलं आणि नाही कुठलं, ते सिस्टर नुसत्या आवाजावरून ओळखायच्या.

एका मंगळवारी बाजारातून दोघं रिक्षानं आली, तेव्हा दादाच्या मांडीवर गिटार होती. गिटार कसली, सांगाडाच. मान मुळापासून उखडलेली, पोटावर लांब चीर, आत झुरळांचा संसार.

"सिस्टर, हे काय आणलंत?" मी विचारलं.

"दादा जुन्या सामानाच्या ढिगापाशी थांबला, वैनी. डावा हात तारांवर ठेवला तो काढंचना. मग काय करायचं?"

"नवी घ्यायची की."

"त्यानं हिला धरलंय. नवीला धरंल कशावरनं?"

झालं. ड्यूटीवरून आल्या की सिस्टर अंगणात पाट मांडून बसू लागल्या. आधी कुणी तरी सांध्यात भलताच गोंद ओतून ठेवला होता. तो त्यांनी वाफेनं मऊ केला, ब्लेडनं खरवडला. ओळखीच्या सुताराकडून सरस आणला. चिरेला आतून लाकडाच्या बारीक चिपा लावायच्या होत्या, तर गिटारीच्या भोकातून हात घालून, डोळे मिटून चिकटवल्या. "डोळ्याला दिसत न्हाई तितं बोटांनी बघायचं," म्हणाल्या. मान बसवली ती बँडेजच्या पट्ट्यांनी आवळून. येणारे-जाणारे विचारायचे, "पेशंट कसा आहे?" त्या म्हणायच्या, "सलाईन तेवढं ऱ्हायलंय."

पहिल्यांदा तारा ताणल्या आणि फाडकन आवाज झाला. मान पुन्हा निखळली. दादा लहान पोरासारखा रडायला लागला. सिस्टर त्याच्या शेजारी बसल्या, त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. "घाई माझी झाली, दादा. सरस नीट वाळू द्यायला पायजे होता."

दुसऱ्या दिवशी पुन्हा वाफ, पुन्हा ब्लेड. हौसेनं एकदा सगळेच करतात हो. फसलेलं काम न कुरकुरता पहिल्यापासून करणारी माणसं तुम्ही तरी किती पाहिलीत?

उन्हाळा सरता सरता गिटार उभी राहिली. पण वाजवणार कसा? दादाचा उजवा हात मांडीवर नुसता पडून असायचा. सिस्टर त्याच्या उजव्या बाजूला खेटून बसल्या. दादानं डाव्या हातानं तारा दाबल्या, सिस्टरनी आपल्या उजव्या हातानं छेडल्या. सुरुवातीला नुसता खडखडाट. ताल चुकला की दादा डाफरायचा, "तेच की!" आणि सिस्टर हसत पुन्हा सुरू करायच्या.

अशाच एका संध्याकाळी दादानं त्याच्या गायनपार्टीतल्या गाण्याची ओळ म्हटली. अख्खी ओळ, शब्दांसकट. मी दारातच थबकले. सिस्टरच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण हात थांबला नाही.

नंतर म्हणाल्या, "आमच्या वॉर्डात एक आजी होती. पाणी मागता यायचं न्हाई, पण ओव्या म्हणायची. तवाच वाटलेलं, गाणं माणसाच्या दुसऱ्या खोलीत ऱ्हातं."

दादाला बोलणं शेवटपर्यंत आलं नाही. पण पौर्णिमेला विहारात भावंडं एकच गिटार घेऊन बसायची आणि दादा गायचा.

गेल्या हिवाळ्यात तो गेला. पुढं सिस्टर निवृत्त झाल्या आणि होटगीला भाचीकडे राहायला जायचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी मी डबा घेऊन गेले. सामान बांधलेलं होतं. सिस्टर कॉटवर एकट्याच गिटार घेऊन बसल्या होत्या. या वेळी दोन्ही हात त्यांचेच होते. मला बघून त्यांनी डाव्या हाताची बोटं पुढं केली. टोकं लालबुंद झाली होती.

"बोटांची किती आग होती, वैनी," त्या म्हणाल्या. "दादानं एकदाबी सांगितलं न्हाई."