भट्टीवरचा भाचा

माझ्या मालकाने मला फसवलं. माझा उजवा डोळा त्याच्या भट्टीवर गेला आणि भरपाईची वेळ आली तेव्हा त्याने लिहून दिलं, की हा माणूस माझ्याकडे कामाला कधी नव्हताच, हा माझा भाचा आहे. मी त्याचा भाचा नाही. सांगली जिल्ह्यात त्याचं गाव आणि माझं गाव शेजारी-शेजारी आहेत, एवढंच आमचं नातं.

आमच्या भागातली माणसं देशभर सोनं गाळायची दुकानं चालवतात. दागिने घडवणाऱ्या कारागिरांकडे उरलेला कीस, तुटक्या साखळ्या, अगदी जमिनीवरून झाडून काढलेली धूळसुद्धा आमच्याकडे येते. आम्ही ती वितळवतो, तेजाबात, म्हणजे ॲसिडात उकळतो आणि शुद्ध सोनं वेगळं करून देतो. मालकाचं असं दुकान कोलकात्यात, बेहाल्याच्या एका गल्लीत आहे. या धंद्यात गिऱ्हाईक आपलं सोनं आमच्यासमोर ठेवून खुशाल चहा प्यायला जातं. ते विश्वास ठेवतं ते घरावर, पगारी माणसावर नाही. म्हणून आमच्या दुकानांत नोकर नावाचा प्राणीच नसतो. भट्टीवर बसलेला प्रत्येक जण कुणाचा तरी पुतण्या असतो, नाहीतर भाचा. पगाराची चिठ्ठी नाही, हजेरी नाही. खर्चापुरतं हातात मिळतं आणि बाकीचा हिशोब गावच्या जत्रेला जाताना होतो. मला बेहाल्यात आणलं त्या दिवशी मालकाने गल्लीतल्या कारागिरांना सांगितलं, "ये मेरा भांजा है." मीही लगेच त्याला मामा म्हणालो.

आणि म्हणालो ते नुसतं तोंडदेखलं नाही. त्या शब्दावर मी दुकान वाढवलं. एखादा कारागीर गाळणावळ कमी करायला लागला, की मी हात जोडायचो, "दादा, इससे कम किया तो मामा घर में खाना नहीं देगा." कारागीर हसायचा आणि माझा भाव मान्य करायचा. शेजारच्या गल्लीतली गिऱ्हाइकं मी अशीच ओढून आणली. मला कुणी लबाड म्हणालं तर म्हणू दे, तो धंदा होता. त्याचा फायदा मालकाच्या गल्ल्यात गेला. दुकानाची दुसरी खोली माझ्या जिभेवर उभी राहिली आहे, हे तोही नाकारणार नाही.

तेजाबाचा धूर बाहेर काढणारा पंखा बंद पडला होता. मी दुरुस्तीसाठी रोज भांडत होतो. मालक म्हणायचा, "दार उघडं ठेव की लेका. कोलकात्याची हवा काय कमी आहे?" दार उघडं ठेवून, तोंडावर ओला पंचा बांधून आम्ही काम करत होतो. डोळ्यांना काहीच नव्हतं. एका दुपारी तेजाब उकळत असताना काचेचं भांडं तडकलं. आवाज झाला एवढं आठवतं. मग कुणीतरी माझ्या डोक्यावर बादलीमागून बादली पाणी ओतत होतं, आणि तो मालकच होता.

इस्पितळात विचारलं, "पेशंटचे तुम्ही कोण?" तो म्हणाला, "मामा." मला म्हणाला, "हो म्हण, लवकर आत घेतील." मी मान हलवली. रात्रभर तो बाकड्यावर बसला होता. डॉक्टरांनी उजवा डोळा गेल्याचं सांगितलं तेव्हा तो माझा हात धरून रडला. ते रडणं खरं होतं असं मला आजही वाटतं, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

पट्टी निघाली आणि मी भट्टीवर परत गेलो. तेव्हा कळलं, की एका डोळ्याला रंग दिसतो पण अंतर दिसत नाही. मुशीतलं वितळलेलं सोनं साच्यात ओतायचं असतं. माझी धार साच्याबाहेर पडली. घरी चहा ओतला तर तोही बशीत. ज्याला ओतता येत नाही तो गाळणारा कसला? मालक म्हणाला, "तू आता गावी जा. आराम कर. मी बघतो." त्याने काही बघितलं नाही. मी फोन केला की भट्टीवर असायचा. शेवटी मी कोलकात्याला परत येऊन कामगारांच्या भरपाईचा दावा लावला आणि तेव्हा त्याचं ते लेखी उत्तर आलं.

माझी वकील बालीगंजला राहते. म्हातारी मराठी बाई, जन्म कोलकात्यातला. तिचं मराठी पुस्तकासारखं स्वच्छ, पण राग आला की बंगालीत घसरते. तिने फी आधी सांगितली. मी घासाघीस सुरू केली. ती म्हणाली, "अहो, ही भाजी नाही. आणि तुम्ही जिंकलात तर माझ्यामुळे, हरलात तर तुमच्या जिभेमुळे. तिथे गप्प बसायचं." मला बाई आवडली.

ती म्हणाली, सगळं एकाच गोष्टीवर अडलं आहे. मी त्याचा कामगार होतो हे सिद्ध झालं पाहिजे, बाकी कायदा आपल्या बाजूने आहे. कागद एकही नव्हता. साक्षीदार हवा होता. मी गल्लीतल्या सगळ्यात जुन्या कारागिराला तयार केलं. बंगाली माणूस, माझ्यावर जीव. धुतलेलं धोतर नेसून आला. वाटेत मला म्हणाला, "तू चिंता मत कर. आज मैं ऐसा बोलूँगा कि मामा को देना ही पड़ेगा."

भरपाईचे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांच्या टेबलासमोर वकीलबाईंनी विचारलं, हा माणूस दुकानात काय करायचा? म्हातारा म्हणाला, सगळंच करायचा. सकाळी दुकान उघडायचा, रात्री बंद करायचा. बाई खूश. मग मालकाच्या वकिलाने विचारलं, "हा तिथे नोकर होता?"

म्हातारा चिडला. "नोकर? नोकर क्यों होगा? मामार भाग्ने! सब लोग जानता है. सगा भांजा है." आणि मालकाकडे बोट करून म्हणाला, "अपने खून को आदमी ऐसे छोड़ता है? छि!"

त्याला वाटलं त्याने मालकाला ठोकलं. मालक खाली मान घालून बसला होता, पण मला त्याचे खांदे दिसले. ते सैल पडले होते.

मी ओरडलो, "मी भाचा नाही! हा माणूस—" वकीलबाईंनी माझी बाही ओढून मला खाली बसवलं. बाहेर आल्यावर तिने विचारलं, "तुम्ही या लोकांना काय सांगून ठेवलंय?" म्हातारा बाजूला उभा होता, काय बिघडलं ते त्याला कळेना. मी त्याला काय सांगणार? इतकी वर्षं ज्या शब्दावर त्याच्याकडून भाव घेतला, तोच त्याने मला परत दिला होता.

कोलकात्यातल्या खोलीवर येऊन बायकोला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवून म्हणाली, "सख्खा मामा म्हणे. मग आपल्या लग्नात तुमच्या मागे कोण उभं होतं?"

मी जेवणाचं ताट बाजूला सारलं.

"तुमचा खरा मामा होता ना? आणि तुमचे हे शेठ कुठे होते? पंगतीत. जिलेबी मागून घेत होते. मला भाचेसून म्हणून साडी तर सोडाच, ब्लाऊजपीससुद्धा दिलं नाही."

लग्नाचा फोटो गावाहून मागवला. अंतरपाट धरलेला आहे, मी पाटावर, मागे माझा मामा फेटा बांधून उभा. मंडपाच्या कडेला खुर्चीवर मालक, हातात सरबताचा पेला.

पुढच्या तारखेला बाईंनी मालकाला विचारलं, "तुमच्याकडे मंगलाष्टकांच्या वेळी नवरदेवाच्या मागे कोण उभं राहतं?" मालक म्हणाला, "मामा." बोलल्यावर त्याच्या लक्षात आलं. बाईंनी फोटो पुढे ठेवला. "मग तुम्ही खुर्चीवर कसे?"

"पाय दुखत होते," मालक म्हणाला.

आयुक्त बंगाली. त्यांनी फोटो उचलून बराच वेळ पाहिला आणि स्वतःच विचारलं, की आमच्यात बाळाला पहिला भात मामा भरवतो. तुमच्यातही तसलं काही असेल. या माणसाचं तुम्ही मामा म्हणून काय केलं, एक गोष्ट सांगा. मालक वकिलाकडे बघायला लागला. त्याचा वकील म्हणाला, अशील थकले आहेत. तारीख पडली.

जिन्यात मालकाने मला गाठलं. वकील पुढे गेले होते. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काय तमाशा लावलाय रे? घरातल्या घरात मिटवू. किती पाहिजेत सांग."

मी आकडा सांगितला. त्याने निम्मा सांगितला. मी थोडा खाली आलो, तो थोडा वर आला. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी मी माझ्या कामावर होतो. आणि सौदा जमला. खरंच जमला. मग तो म्हणाला, "फक्त लिहून द्यायचं, की मामाने भाच्याला मदत केली. कामगार-बिमगार काही नको. दुकानात अजून चौघं आहेत माझ्या. त्यांनी उद्या तेच लावून धरलं तर?"

मी त्याचा हात खांद्यावरून झटकला. "चौघंही भाचेच का?"

"तुला आवाज चढवल्याशिवाय बोलता येत नाही," तो म्हणाला. "म्हणून तुझं कधी भलं झालं नाही."

"दुकानाची दुसरी खोली कुणाच्या आवाजावर उभी आहे?" मी एवढ्या जोरात विचारलं, की वरच्या मजल्यावरून शिपायाने वाकून पाहिलं.

पैसे मला हवे होते. आजही हवेत. पण मदत म्हणून घेतले तर माझा डोळा कामावर गेला नाही, असं होतं. मग तो कुठे गेला? मामाच्या घरी सुट्टीला गेलो होतो तेव्हा?

त्यानंतर मालक तारखेला येत नाही. कधी गावी असतो, कधी ताप असतो. वकील येतो आणि पुढची तारीख मागतो. पंखा मात्र नवा बसला आहे, म्हातारा कारागीर सांगत होता. भट्टीवर एक नवा भाचाही आला आहे.

मामा, मी लिहिलेलं हे तुम्ही वाचाल, नाहीतर गावात कुणीतरी वाचून दाखवेलच. भाचा असेन तर माझ्या लग्नात तुम्ही खुर्चीवर का होता ते सांगा. कामगार असेन तर माझ्या डोळ्याची भरपाई द्या. वकील पाठवू नका. स्वतः या, माझ्यासमोर उभे राहा, या डोळ्याकडे बघा आणि मी तुमचा कोण होतो, याचं उत्तर द्या.