तात्यांचे अकरा चिंचोके

त्या रविवारी सकाळी बेलापूरला आमच्या नेहमीच्या टपरीसमोर एक रिक्षा थांबली. रिक्षावाल्याने आमच्या पिवळ्या टोप्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "तुमच्यातला एक मानूस कमी हाय काय?" मी तेव्हा दुसरा वडा खात होतो, हे मुद्दाम लिहितो. आमच्या सायकल मंडळाचे चिटणीस, ज्यांना आम्ही वकीलसाहेब म्हणतो, ते स्टॉपवॉच बघून प्रत्येकाची वेळ वहीत उतरवत होते. "नाही, आहेत सगळे," कोणीतरी बेफिकिरीने म्हणालं. "बघा बुवा. अशीच पिवळी टोपी हाय त्याची. काळी सायकल. दिवाळे गावच्या बायांनी टेम्पोत घालून हॉस्पिटलात नेला." आमच्या मंडळात काळी सायकल एकाचीच होती... मारुती जाधव, म्हणजे आमचे तात्या.

दोन दिवसांनी पेपरात बातमी आली, 'सायकलवरून पडून इसमाचा मृत्यू'. दोन ओळींची बातमी आणि त्यातली एक खोटी. तात्या सायकलवरून पडले नव्हते. छातीत कळ आली तेव्हा त्यांनी सायकल रस्त्याच्या कडेला घेतली, स्टँडवर लावली, कुलूप घातलं आणि मग ते खाडीपुलाच्या कठड्याला टेकून बसले. तिथे ते बराच वेळ बसले होते. का बसले होते आणि आम्ही तेव्हा कुठे होतो, हे पेपरात येणार नाही, मंडळाच्या अहवालात तर मुळीच येणार नाही. म्हणून महिन्याभराने मी हे लिहायला बसलोय. तात्यांच्या आठवणीने डोळे भरून येतात वगैरे लिहायचं होतं, पण खरं सांगायचं तर डोळे भरून यायच्या आधी डोकं भणभणतं.

बेलापूरपर्यंत रेल्वे आली त्या वर्षी आमचं मंडळ सुरू झालं. नेरूळ, वाशी, बेलापूरचे आम्ही आठ-दहा जण. कोणी सरकारी ऑफिसात, कोणी बँकेत, एक दाताचा डॉक्टर. दर रविवारी कधी उरण, कधी कर्नाळा, नाहीतर नुसतंच खारघरच्या डोंगरापर्यंत. तिकडे अजून भातखाचरं आणि आखून ठेवलेले प्लॉट याशिवाय काही नाही, रस्ता मोकळा मिळतो. तात्या आमच्यात आले ते अपघातानेच. वाशीच्या मार्केटात माथाडी कामगार, मूळचे साताऱ्याकडचे. एका रविवारी सानपाड्याजवळ डॉक्टरांची चेन तुटली आणि आम्ही सगळे शिकले-सवरलेले लोक तिच्याभोवती गोल उभे राहिलो. काळ्या सायकलवरून जाणारा एक पन्नाशीचा गडी उतरला, दगडाने खिळा ठोकून त्याने पाच मिनिटांत चेन जोडली आणि विचारलं, "कुटं निघालाय?" उरणला, म्हटल्यावर म्हणाला, "कामाला?" नाही, असंच, म्हटल्यावर तो इतका हसला, की आम्हालाही हसू आलं. "म्या बी येतो. असंच कदी कुटं ग्येलोच न्हाई."

त्या दिवसापासून तात्या आमचे शेवटचे गडी. हे त्यांनीच ठरवून घेतलं. सर्वांत मागे राहायचं, कोणाची हवा गेली, कोणाच्या पायात गोळा आला, की थांबायचं. आम्ही त्यांना चेष्टेने मंडळाचं शेपूट म्हणायचो आणि ते म्हणायचे, "शेपूट नसंल तर म्हशीच्या अंगावरच्या माश्या कोन वारनार?" पुढच्यांसाठी त्यांचा एकच नियम होता. प्रत्येक नाक्यावर थांबायचं आणि तात्या येऊन "सगळी आली, चला" म्हणेपर्यंत हलायचं नाही. ते मोजायचे कसे, तर चिंचोक्यांनी. निघताना माणशी एक चिंचोका शर्टाच्या डाव्या खिशात टाकायचा. नाक्यावर आल्यावर एकेकाच्या तोंडाकडे बघत एकेक चिंचोका उजव्या खिशात. शर्टाला दोन खिसे त्यांनी त्यासाठीच शिवून घेतले होते. मार्केटात ट्रकमधली पोती उतरवताना ते असंच करायचे. मी एकदा म्हटलं, "तात्या, अकरा जण तर आहोत आम्ही, नजरेने मोजता येतात." तर म्हणाले, "राणेसायेब, नजर शेजारच्याशी बोलत बसती. चिंचोका बोलत न्हाई." मग मी विचारलं, "आणि तुमचा स्वतःचा चिंचोका कुठाय?" ते खो खो हसले. "माजा कशाला? म्या मोजनारा. म्या कुटं हरवतोय!"

कर्नाळ्याहून परतताना एकदा पळस्प्याच्या अलीकडे माझ्या मांड्यांत असे गोळे आले की मी रस्त्याकडेला बसून लहान मुलासारखा रडकुंडीला आलो. तात्यांनी माझे पाय चोळले, डब्यातला गूळ दिला आणि मग पनवेलपर्यंत माझ्या पाठीवर एक हात ठेवून, दुसऱ्या हाताने स्वतःची सायकल धरून, मला ढकलत आणलं. सगळा वेळ ते गावाकडच्या कुठल्याशा रेड्याची गोष्ट सांगत होते. पनवेलच्या नाक्यावर सगळे पाऊण तास ताटकळले होते, पण एकानेही तोंड वाकडं केलं नाही. तेव्हा आम्ही तसे होतो. एकाचा टायर फुटला की बारा जणांचा नाश्ता लांबायचा आणि त्यातच मजा वाटायची.

मग मागच्या वर्षी वकीलसाहेब चिटणीस झाले आणि स्टॉपवॉच आलं. मंडळाला म्हणे 'दर्जा' पाहिजे. गियरच्या सायकली आल्या, वेळा वहीत चढायला लागल्या, आणि एका बैठकीत ठराव झाला की मधल्या नाक्यांवर थांबल्याने सरासरी बिघडते, तेव्हा शेवटच्या टप्प्यात कोणी कोणासाठी थांबायचं नाही. तात्या कोपऱ्यात बसून होते. त्यांना कोणी विचारलं नाही. विरोधात एकही हात वर झाला नाही आणि त्यात माझाही हात होता. माझी वेळ त्या महिन्यात चार मिनिटांनी सुधारली होती ना! बैठकीनंतर तात्या एवढंच म्हणाले, "तुमी पळा. म्या हाय मागं."

त्या रविवारी उरणहून परत येताना आम्ही गव्हाण फाट्यावर थांबलो. तिथून बेलापूरपर्यंत घड्याळ लावून सुटायचं होतं. तात्या सर्वांत शेवटी आले, चिंचोके या खिशातून त्या खिशात टाकले, "सगळी आली" म्हणाले, पण पुढे "चला" म्हणाले नाहीत. ते मैलाच्या दगडावर बसले आणि घटाघटा पाणी प्याले. मग परत प्याले. त्यांचा चेहरा मला राखेसारखा दिसला. दिसला होता, हे मी आज कबूल करतो. मी विचारलंसुद्धा, "बरं आहे ना, तात्या?" "जरा घाम आलाय. व्हा तुमी म्होरं." वकीलसाहेबांनी शिट्टी मारली आणि मी म्होरं झालो.

बेलापूरला आम्ही अकराच्या अकरा जण धापा टाकत पोचलो. चहा झाला, वडे झाले, वेळा वाचून झाल्या. मध्ये एकदा डॉक्टर म्हणाले, "तात्या नाही आले अजून?" त्यावर कोणीतरी म्हणालं, "असतील कोणाचं तरी पंक्चर काढत." आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणाचं पंक्चर? अकरा सायकली टपरीला टेकून उभ्या होत्या! मागे राहिलेलं एकही माणूस नव्हतं, ज्याच्यासाठी तात्यांनी थांबावं. शाळेतल्या पोराला कळेल असा हा हिशेब अकरा शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. तात्या मागे आहेत म्हणजे कोणाला तरी मदत करतायत, याची आम्हाला इतकी सवय झाली होती, की त्यांना मदत लागेल ही शक्यताच आमच्या गावी नव्हती. असे आम्ही पाऊण तास बसून होतो.

हॉस्पिटलात बाकावर हिराबाई नावाची दिवाळ्याची कोळीण बसली होती, पायाशी रिकामी टोपली. तात्यांना टेम्पोत घालणारी तीच. आमच्या टोप्या बघून ती उठलीच. "तुमी त्याचे कोन? भाऊबंद? मी म्हावरा घेऊन जाताना बगला, पुलावर बसलेला हाय. मना वाटला, दमलाय. परत आली तरी थयाच! घामानं भिजलेला, पानी मागत होता. मी इचारला, बाबा, तुज्या मागून कोन येनार हाय का? तर बोलला, मागं कोन नाय, मीच शेवटचा." मग तिने आमच्या एकेकाकडे पाहिलं. "आनि तुमी पुढं जाऊन काय करत होता?" वकीलसाहेब खिशातलं स्टॉपवॉच चाचपत राहिले. आतून हॉस्पिटलचे डॉक्टर आले, त्यांनी विचारलं, दुखायला लागून किती वेळ झाला होता? प्रत्येकाची वेळ सेकंदापर्यंत लिहिणाऱ्या आमच्या मंडळाला त्याचं उत्तर देता आलं नाही. तोवर तसंही सगळं संपलं होतं.

इथवरचं पाप अकरा जणांचं, त्यात मी आहेच. पण पुढे जे झालं त्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शोकसभेत वकीलसाहेबांनी सांगितलं की तात्या शेवटच्या क्षणी 'आपल्या लाडक्या सवंगड्यांच्या सहवासात' होते. काकी, म्हणजे तात्यांच्या पत्नी, पहिल्या रांगेत डोक्यावरून पदर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी ते ऐकून मान हलवली, त्यांना तेवढाच आधार वाटला असावा... आणि आम्ही दहा जण गप्प बसलो. मग जाहीर झालं की तात्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी शर्यत घ्यायची. गव्हाण फाटा ते बेलापूर! पहिल्या येणाऱ्याला चषक, चषकावर तात्यांचं नाव, आणि तो काकींच्या हस्ते. जो माणूस जन्मात कधी कोणाच्या पुढे गेला नाही, त्याच्या नावाने पहिल्या नंबराचं बक्षीस, तेही ज्या रस्त्यावर आम्ही त्याला टाकून पळालो त्याच रस्त्यावर! मी उठून म्हटलं, हे चालणार नाही. "राणे, भावनेच्या भरात बोलू नका," वकीलसाहेब म्हणाले, "चषकाची ऑर्डर गेलीय."

गेल्या आठवड्यात त्यांनी मलाच कोपरखैरण्याला पाठवलं, काकींना समारंभाचं निमंत्रण द्यायला. एका खोलीचं घर, दाराबाहेर ती काळी सायकल, कुलूप घातलेली. काकींनी चहा ठेवला, मग फळीवरून एक वाटी काढून माझ्यासमोर ठेवली. "त्यांच्या सदऱ्याच्या खिशात गावलं. समदं उजव्या खिशात. ह्ये कशाचं ओ?" मी वाटीतले चिंचोके बघितले, आणि मला निमंत्रणाचं पाकीट खिशातून काढता आलं नाही. मी त्यांना सगळं सांगितलं. चिंचोके कशाचे ते, ठराव, पाण्याचे घोट, राखेसारखा चेहरा, वडा, पाऊण तास. सभेत सांगितलं ते खोटं होतं, हेही. त्या ऐकत राहिल्या. चहा उतू गेला तरी उठल्या नाहीत. मग त्यांनी वाटी मांडीवर घेतली आणि बोटाने एकेक सरकवत चिंचोके मोजले. मला वाटलं, आता रडतील, नाहीतर मला घालवून देतील. मी दोन्हीला तयार होतो.

"आकरा," त्या म्हणाल्या. "आनि त्यांचा?"

मी म्हटलं, "त्यांचा नव्हता, काकी. ते स्वतःला मोजायचे नाहीत."

त्यांनी वाटी माझ्या हातात दिली. "मग ही तुमची हायेत. घिऊन जावा. त्यांचं ह्यात काय न्हाई."

शर्यत पुढच्या रविवारी आहे. काकी जाणार नाहीत, मीही जाणार नाही. राजीनामा लिहिलाय, पण त्याने काय होणार... हे लिहिताना वाटी टेबलावर आहे. मघापासून मी दोनदा मोजले. अकराच आहेत.