रिकाम्या हातानं चालणारी बाई

माझं वजन एक्क्याऐंशी किलो होतं आणि त्याबद्दल माझी काहीही तक्रार नव्हती.

तक्रार कर्जतच्या डॉक्टरीणबाईंची होती. त्यांनी रक्ताचा कागद बघितला, मग माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा कागद बघितला.

"आजी, शुगर वाढलीय. वजन उतरवायला हवं. जेवताना दीड भाकरी, तेल कमी, चहातली साखर बंद, आणि रोज पाऊण तास चालायचं. महिनाभर करून सोडून द्यायचं नाही. जन्मभराची सवय लावायची."

"जन्म असा किती राहिलाय? अडुसष्टावं चालू हाय मला."

"मग तर सोपंच आहे!" ती म्हणाली. (नातीच्या वयाची पोरगी! पण उत्तर चोख होतं.) "तीन महिने देते. नाही उतरलं, तर रोज पोटात इंजेक्शन घ्यावं लागेल."

"रोज कर्जतला यायचं?"

"छे. घरचं कुणीही देऊ शकतं."

हे ऐकून माझ्या शेजारी पेंगत बसलेले आमचे हे एकदम ताठ झाले.

"मी देतो की!"

आमचे हे जनावरांच्या दवाखान्यात कामाला होते. नोकरी संपली तरी हात थांबलेले नाहीत. अजून घरात सुयांचा स्टीलचा डबा आहे, आणि गावात कुणाचं जनावर आजारी पडलं की हे डबा काखेत मारून निघतात. गावातली कुठलीही म्हैस ह्यांना लांबून ओळखते आणि दावं तोडायला बघते.

"माझा हात लई हलका हाय डॉक्टर. टोचलेलं कळत पन न्हाई," असं म्हणत ह्यांनी माझ्या पाठीवर दोन थापा मारल्या. जनावराला टोचायच्या आधी असंच थोपटतात, म्हणजे ते बिचकत नाही. पन्नास वर्षांच्या संसारात ह्यांनी मला एवढ्या मायेनं कधी थोपटलं नव्हतं!

मी तिथंच ठरवलं, की वजन उतरवायचं.

खाणं कमी करणं मला वाटलं होतं तेवढं अवघड गेलं नाही, कारण माझं खाणं मुळात माझं नव्हतंच. नातवंडांनी टाकलेली भाकरी माझी, ह्यांच्या ताटातली उरलेली आमटी माझी, पातेल्याला चिकटलेला भात माझा. टाकवत नाही म्हणून खायचं. ते सगळं मी दारातल्या कुत्र्याला घालायला लागले. दोन आठवड्यांत कुत्रं असं सुजलं, की अनोळखी माणूस आला तर ते उठायचं नाही, पडल्या पडल्या एकदा भुंकून जबाबदारी संपवायचं.

अवघड गेलं ते चालणं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, चपला नको, बूट घाला. माझ्या मापाचे बूट घरात एकच होते. मुलगा नगरजवळ नागापूरला एमआयडीसीत आहे, दर शनिवारी घरी येतो. त्याचे कंपनीतले जुने बूट, पुढे लोखंड बसवलेले. ते चढवले, लुगडं जरा वर खोचलं आणि सकाळी सात वाजता फाट्याच्या रस्त्याला लागले. घर ते फाटा, जाऊन येऊन बरोबर पाऊण तास.

पहिल्याच घराच्या ओट्यावर सुशीला दात घासत बसली होती.

"काकू, कुठं निघाल्या सकाळच्या पारी?"

"कुठंच न्हाई."

"मंग?"

"चालतीय."

"व्हय, पन कुठं?"

"फाट्याला."

"फाट्याला काय हाय?"

"माझं काय न्हाई. तिथनं माघारी यायचं."

सुशीलाचा तोंडात घातलेला हात तिथंच राहिला. आमच्या गावात बाई घराबाहेर पडते ती काहीतरी घेऊन पडते. डोक्यावर पाटी, हातात विळा, कमरेवर पोर, नाहीतर लग्नाला जायची पिशवी. रिकाम्या हातानं फाट्यापर्यंत जाऊन रिकाम्या हातानं माघारी येणारी बाई गावानं बघितलेली नव्हती.

आता खरं सांगायचं, तर मी तेव्हाच शुगरचं सांगून मोकळी झाले असते तर पुढचं काही घडलं नसतं. पण त्याला एक अडचण होती. दोन वर्षांपूर्वी माझ्या जाऊबाईला शुगर निघाली, तेव्हा ही बातमी सगळ्या गावात पोचवायचं काम मीच केलं होतं. "गोड खायला बसली की उठत न्हाई ती, व्हनारच!" असंही वर सांगितलं होतं. आता कुठल्या तोंडानं सांगू?

सुशीलानं चूळ भरली, जवळ आली आणि हळू आवाजात विचारलं, "भांडान झालं का?"

"न्हाई गं."

"बरं बरं. ऱ्हाऊ द्या. च्या घ्या आधी."

"नको."

"दोन घोट. असं कसं?"

"बरं, पन साखर घालू नको."

"का? आमच्यात साखर संपली का काय?" तिला राग आला. रागारागानं तिनं दुप्पट घातली. प्यायले.

फाट्यापर्यंत रस्त्याला सात घरं आहेत. एकाही घरानं माझी अवस्था बघून मला तसंच जाऊ दिलं नाही. त्या दिवशी मी पाऊण तासाचा रस्ता अडीच तासांत चालले आणि सात कप चहा प्याले. मध्ये एकदा चढावर उभं राहून पदरानं तोंडावरचा घाम पुसला. माझी चूक एवढीच, की पुसताना समोरून दोन बाया येत होत्या.

दुपारपर्यंत बातमी तयार झाली. म्हातारी सकाळी घर सोडून जाते. फाट्यापर्यंत जाते, पाय उचलत नाही म्हणून माघारी येते. रस्त्यात उभी राहून रडते. आणि सून अशी, की सासूला पायात चपलासुद्धा घालू देत नाही, बिचारी पोराचे बूट घालून निघते!

आमची सून संगीता. बोलायला तिखट, पण अंगणाबाहेर भांडण न नेणारी. तिला नळावर बाया पाणी भरू देईनात. आठव्या दिवशी ती घागर आपटून मला म्हणाली, "आत्या, एक तर तुमी चालू नका, न्हाईतर मी म्हायेरी जाते!"

मी म्हणाले, "आता दहा दिवस थांब, लोक विसरतील."

लोक विसरले नाहीत. सुशीलाची बहीण माझ्या माहेरी, श्रीगोंद्याकडे दिलेली आहे. बुधवारी सकाळी दारात जीप थांबली. त्यातून माझा थोरला भाऊ उतरला, वय पंचाहत्तर, हातात काठी. मागून वहिनी. त्यामागून माहेरच्या गावातले दोन म्हातारे, बैठकीला बसायच्या तयारीनं टोप्या घालून. कुत्रं पडल्या पडल्या एकदा भुंकलं.

दादा बाजेवर बसला. पाणी घेतलं नाही. (आमच्याकडे पाणी नाकारलं, की पुढचं काय ते समजायचं.)

"शके, पिशवी भर."

"कशाला?"

"मी मेलो न्हाई अजून. बहिनीला दोन घास घालायची ऐपत हाय माझी."

त्या घासांनीच तर सगळं झालं होतं! पण दादा कुणाला बोलू देईल तर ना. काठी ह्यांच्याकडे वळली.

"पाव्हनं, पन्नास वर्सं तिनं तुमचं घर धरलं. आन् ह्या वयात तिला सकाळी घराबाहेर काढता?"

हे गोंधळले. "काढतो कुठं? तीच जाती. मी तर म्हनतोय जाऊ नको, मी टोचतो!"

"काय करतो?" दादा उठून उभा राहिला.

तेवढ्यात संगीता पिठाच्या हातानं बाहेर आली आणि मोठ्यानं रडायला लागली. दोन म्हाताऱ्यांपैकी एकानं मान हलवली, "बघा. कबूल झाली." तोपर्यंत कुंपणाला सगळी आळी लागली होती. सगळ्यांत पुढे जाऊबाई, नीट दिसावं म्हणून दगडावर उभी.

संगीतानं मी सांगितलेली एकही गोष्ट बाहेर सांगितली नव्हती. माझी शुगर माझ्यासाठी तिनं लपवली, आणि त्यासाठी दहा दिवस गावाची बोलणी खाल्ली. खरं तर जाब विचारायला तिच्या माहेरची माणसं यायला हवी होती. मग मला गप्प बसवेना.

"मला शुगर झालीय!" मी ओरडले. "वजन लई वाढलंय! डॉक्टरनं चालायला सांगितलंय! मला कुनी घरातनं काढलं न्हाई! आता झालं समाधान?"

कुंपणाला लागलेली सगळी आळी दोन पावलं पुढे सरकली.

मग वहिनीनं विचारलं, "किती किलो?"

आणि दगडावरून जाऊबाईचा आवाज आला, "शुगर? कुनाला? तुला?" तिच्या तोंडावर दिवाळी होती. मी तिला दोष देत नाही. दोन वर्षं थांबली होती बिचारी!

भांडण नाही म्हटल्यावर दादाला आपण जीप करून एवढ्या लांब आल्याचं काय करावं ते सुचेना. पण पाहुणे आले ते आले. कोंबडी कापली, पाच जणींनी भाकऱ्या थापल्या. दादा मला शेजारी बसवून स्वतःच्या हातानं वाढत होता. "आज खा, शके. पथ्य उद्यापासनं." मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. दोन भूक म्हणून, एक लाज वाटली म्हणून.

महिना संपल्यावर गावातल्या पेंडीच्या दुकानात गेले आणि पोती मोजायच्या काट्यावर उभी राहिले. दुकानदार आतून ओरडला, "कुठलं पोतं ठेवलंय रं?" साडेब्याऐंशी. दीड किलो वाढलं होतं! रोजचे सात चहा कुठं जाणार?

घरी आले तेव्हा हे ओट्यावर उन्हात डबा उघडून सुया पुसत बसले होते. एकेक सुई उजेडात धरून बघत होते.

"ही म्हशीची हाय," मी म्हणाले.

"म्हायतीय. तुझी येगळी आनीन."

रात्री जेवण गेलं नाही. (त्याचा तरी उपयोग झाला असेल.) सकाळी पुन्हा बूट घालत होते, तेव्हा संगीतानं दुधानं भरलेली किटली माझ्यापुढे दाणकन ठेवली.

"ही न्या डेअरीत. फाट्यावरच हाय. दुधाचा गाडीवाला दारात कवा सातला येतो, कवा नऊला, दूध नासून जातं. आन् तुमच्या हातात कायतरी दिसू द्या, म्हंजी माझं नाव तरी वाचंल."

एवढी साधी गोष्ट! किटली घेऊन निघाले. सुशीला ओट्यावर होतीच.

"काकू, च्या घेता?"

"दूध हाय गं हातात. नासंल."

"मंग जा, जा! थांबू नका!"

सातही घरांत हेच. माणूस आजारी आहे म्हटलं तरी चहा सुटत नाही, पण दूध नासेल म्हटलं, की लोक वाटेतून बाजूला होतात. तेवीस मिनिटांत फाटा गाठला. डेअरीत दुधाची फॅट काढतात. माझी काढायची बुद्धी त्यांना झाली नाही, हे नशीब.

पाचव्या दिवशी सुशीला म्हणाली, "काकू, जाताच हाय तर आमची पन न्या की." चहाला नाही म्हणायला मला दूध सापडलं होतं, पण दुधाला नाही म्हणायला काही सापडेना. मग दुसरं घर, तिसरं घर. जाऊबाईनं पण किटली पाठवली, वर निरोप, "हळू चाल म्हनावं, शुगर असली की चक्कर येते." तिसऱ्या आठवड्यात एका फेरीत भागेना. सकाळच्या दोन, संध्याकाळच्या दोन. एवढी तंगडतोड मी सासुरवाशीण असतानासुद्धा केली नव्हती, आणि तेव्हा निदान सासू राबवते म्हणून कण्हायची सोय होती.

तीन महिने भरले. डॉक्टरीणबाईंच्या काट्यावर शहात्तर. कागदावर शुगरही उतरलेली.

"आजी! काय जिद्द आहे हो तुमची! इंजेक्शन नको आता. पण हे सोडायचं नाही हं. कायम!"

जिद्द वगैरे काही नाही. ज्या बाईला सात घरी चहा नको म्हणता येत नाही, तिला सात घरची दुधं नको म्हणता येत नाहीत. पण हे मी तिला सांगितलं नाही. कधी नव्हे ते कुणी चांगलं म्हणत होतं.

हे बाहेर बाकावर बसले होते. "नको म्हनाली?" एवढंच विचारलं. येताना एसटीच्या खिडकीतून दिसेल त्या म्हशीकडे बघत बसले.

याला आता वर्ष होत आलं. दीड भाकरी दीडच आहे, कुत्रं तेवढं जाड आहे. मध्ये एकदा मला ताप आला आणि मी सकाळी उठले नाही. सव्वासातला अंगणात पावलं वाजली. सुशीला, जाऊबाई, झाडून सगळ्या जणी दारात आल्या. मला भरून आलं. म्हटलं, एवढ्या वर्षांत गावानं आपल्याला काही तरी किंमत दिली. मग नीट बघितलं. प्रत्येकीच्या हातात किटली होती.

"काकू, लई ताप हाय का?" सुशीलानं विचारलं. "का जाऊन येनार?"

मी तोंडावर गोधडी ओढून भिंतीकडे वळणार, तेवढ्यात आतल्या खोलीत स्टीलचा डबा उघडल्याचा आवाज आला आणि मागून माझ्या पाठीवर मायेनं दोन थापा पडल्या.

उठले. म्हटलं, आणा त्या किटल्या इकडे.