संगणक झोपला आहे, उठवू नये

माझ्या खोलीच्या दारावर मी स्वतःच्या हाताने पाटी लिहून लावली होती: ‘संगणक झोपला आहे. उठवू नये.’ गावाने त्या पाटीवर चार महिने विश्वास ठेवला. मी स्वतःच्या हुशारीवर ठेवला होता, त्यामानाने गावाचं काहीच चुकलं नाही.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. पळसदेवच्या पलीकडे एका गावात शेतकऱ्यांची पाणी संस्था होती. उजनीच्या फुगवट्यातून पाणी उचलायचं आणि सभासदांना वाटून द्यायचं, हे तिचं काम. कुणाच्या शेतात किती वाजता पाणी सुटणार, याच्या चिठ्ठ्या रोज सकाळी वाटल्या जायच्या. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवर कुणाचाच भरवसा नसे. लिहिणारा कुणाचा तरी भाऊबंद निघायचाच. म्हणून संस्थेने संगणक घेतला आणि तो चालवायला बारामतीहून मला आणलं. मी बावीस वर्षांची. पुण्यात सहा महिन्यांचा कोर्स करून आलेली, आणि तोरा मात्र असा, की संगणक जणू मीच शोधून काढलाय.

जीव मात्र खो-खोत अडकलेला. बारामतीच्या मैदानावर रोज साडेपाचला सराव असायचा, आणि जिल्ह्याच्या संघाची निवड काही महिन्यांवर आली होती. संस्थेचे अध्यक्ष वडिलांच्या ओळखीचे. त्यांच्याकडे शब्द टाकून वडिलांनी मला चिकटवलं होतं. घरी त्यांनी एकदाच बजावलं होतं, “नोकरी आहे तोवर खेळ. नोकरी गेली की मैदान बंद.” ते दोनदा सांगणाऱ्यांतले नव्हते. आणि कचेरी सुटायची साडेसहाला. मैदान गाठायचं तर चारची एसटी पकडण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

मग मी डोकं चालवलं. दुपारी तालुक्यातल्या सगळ्या मोटारी सुरू झाल्या की कचेरीतला बल्ब चिमणीसारखा मिणमिणायचा, हे सगळ्यांना दिसत होतं. मी अध्यक्षांना सांगितलं, “आबा, दिवसा व्होल्टेज नसतं. चिठ्ठ्या संध्याकाळी छापायला लावू या, रात्रीपर्यंत होतील.” यातलं पहिलं वाक्य खरं होतं. मग एक छोटा प्रोग्राम लिहिला: घड्याळ बघत बसायचं, साडेपाच वाजून गेले की छपाई सुरू करायची. आमचा प्रिंटर असा खडखडायचा की रस्त्यापलीकडच्या पिठाच्या गिरणीत ऐकू जावा. खडखडाट सुरू म्हणजे ताई कामात, असा अर्थ गावाने आपसूक काढला. मी तोवर मागच्या दाराने निघून पाटस कधीच मागे टाकून बारामतीत उतरलेली असायची... नाही, पाटस वाटेत लागतच नाही. पण वडिलांना उशिराचं कारण सांगताना मी एकदा तेही गाव वाटेत आणलं होतं. थापेला रस्ते लागत नाहीत.

दुसरी युक्ती दुपारच्या झोपेसाठी. पाच मिनिटं कुणी हात लावला नाही की संगणक स्टँडबायमध्ये जाईल, असं मी सेटिंग करून ठेवलं. पडदा काळा, हिरवा दिवा जाऊन पिवळा. जेवण झालं की पाटी लावायची, दार ओढायचं आणि टेबलावर डोकं टेकायचं. बाहेर सभासद चपला काढून दबक्या पावलांनी चालायचे. एकदा एका तात्यांनी दाराला कान लावून विचारलेलं मी आतून ऐकलं, “घोरत कसं न्हाय ओ ते?” त्यावर आमचे शिपाईमामा गंभीरपणे म्हणाले, “इंग्लिश झोप हाय ती.”

हे मामा साठीला टेकलेले. घराण्यात पूर्वी मेंढरं होती, आता दोन एकर ऊस. दिवसभर व्हरांड्यात बाकावर बसायचे आणि सातला कुलूप घालायचे. चारनंतर खोलीत कुणालाही सोडायचं नाही, धूळ जाते, असं मी त्यांना निक्षून सांगितलं होतं. “व्हय ताई,” म्हणायचे. माझ्या मते गावातला सगळ्यात भोळा माणूस तोच होता.

चार महिने सगळं सुरळीत चाललं. सकाळी आले की कागदाची चळत तयार. निवड चार दिवसांवर आली, आणि एका सकाळी खोली उघडते तर प्रिंटरमध्ये कोरा कागद.

बाहेर पाच-पंचवीस सभासद चिठ्ठीसाठी उभे. मी घाईत कुठलं तरी बटण दाबलं. पडदा उजळला, आणि दुसऱ्या क्षणी प्रिंटर खडखडायला लागला. संगणकाने उठल्या उठल्या घड्याळ बघितलं होतं, कालचे साडेपाच केव्हाच वाजून गेले होते, आणि तो बिचारा कामाला लागला होता.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. झोपलेला कुठलं घड्याळ बघणार? माझ्या दुपारच्या झोपेसाठी मी त्याला पाच मिनिटांत झोपायला शिकवलं होतं, आणि मी चारला गेले की तोही झोपत होता. म्हणजे ही युक्ती काल बिघडली नव्हती. ती पहिल्या दिवसापासून चालतच नव्हती.

मग चार महिने छापत कोण होतं?

विचार पुरा व्हायच्या आत आबा दारात. चेहरा लाल. “ताई, काल वडगाव निंबाळकरचं पाव्हणं आणलं व्हतं. आमची ताई अंधार पडंस्तवर काम करती म्हणून सांगितलं. सा वाजले तरी आवाज न्हाय. दार उघडलं तर आत नुसती खुर्ची!”

माझ्याकडे तीन थापा तयार होत्या आणि तिन्ही बऱ्या होत्या. पण त्या क्षणी मला मैदान दिसत होतं, आणि वडिलांचं तोंड दिसत होतं. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी पहिली थाप उचलणार तेवढ्यात मामा पिशवी घेऊन आत आले. काल भाचीच्या सुपारीला कऱ्हाटीला गेले होते. त्यांनी सगळ्यांकडे पेढे फिरवले, संगणकाकडे बघितलं आणि म्हणाले, “काल मी न्हवतो, मग उठलंच न्हाय का हे?”

“कोण उठलं न्हाय?” आबांनी विचारलं.

मामांनी सांगितलं ते असं. पहिल्याच संध्याकाळी आत सामसूम. ताईंना चक्कर आली का काय म्हणून त्यांनी दार उघडलं. खुर्ची रिकामी, पिवळा दिवा लागलेला. आलोच आहोत तर धूळ पुसावी म्हणून बटणांवरून फडकं मारलं, तर पडदा पेटला आणि प्रिंटर ओरडायला लागला. मामा उडी मारून बाहेर. “माज्या मोटरीच्या ऑटोचं बी तसंच हाय आबा. लाइट आली की आपोआप चालू म्हणत्यात, पण चापट मारल्याबिगर चालत न्हाय. तवापासनं रोज साडेपाचला फडकं मारतो.”

मागे प्रिंटर चालू होता.

आबांनी माझ्याकडे बघितलं. “आन तुमी कुठं असता?”

तिन्ही थापा आल्या वाटेने परत गेल्या. “मैदानावर. खो-खो खेळायला.”

“पळणाऱ्यात का बसणाऱ्यात?”

“पळणाऱ्यात.”

“ते दिसलंच,” आबा म्हणाले. पेढा तोंडात टाकून त्यांनी बराच वेळ चघळला. मग म्हणाले, “सकाळी साडेआठला चिठ्ठी टेबलावर पायजे. ती तुमी छापली का मामांनी, मला काय करायचंय? पर येक दिवस जरी चुकली, तर घरला जायचं, आन तुमच्या वडलांना मी सोता सांगनार.”

ते गेल्यावर मी मामांना विचारलं, मला इतके दिवस बोलला का नाहीत?

“काय बोलायचं? तुमी चारला बांधावरनं पळत जाताना दिसायच्या. नोकरीला येताना कोण असं पळत न्हाय. म्हनलं, आसंल कायतरी चांगलं.”

मला रडू आलं. ते लपवायला मी संगणकाकडे वळले आणि सेटिंग उघडलं. झोप बंद करणं दोन बटणांचं काम होतं. मग त्याने खरंच आपोआप छापलं असतं, आणि माझी नोकरी कुणाच्या फडक्यावर अवलंबून राहिली नसती. मामा माझ्या मागे उभे होते. हात धुऊन, नवं फडकं खांद्यावर टाकून.

“आता साडेपाचला मीच उठवायचं न्हवं?”

मी सेटिंग तसंच बंद केलं.

“तुमच्याशिवाय तो उठतच नाही, मामा,” मी म्हणाले. जिल्ह्याच्या संघात मी राखीव म्हणून निवडले गेले आणि त्या कचेरीत आणखी तीन वर्षं राहिले. बाकीच्या सगळ्या थापा मी हळूहळू सोडल्या. ही एक शेवटच्या दिवसापर्यंत सांभाळली.