फुलसावंगी ते वणी, कुंई करणाऱ्या ट्रकमधून

माहेरी आले होते आणि वणी पाहिली नव्हती. विलासदादा म्हणाला, "चाल माह्या संगं, एसटीनं कायले जातं?" दादाचा ट्रक जुना आहे. तेव्हा काही महिने इंजिनाचा पट्टा कुंईंऽऽ करत होता. गल्ली वैतागली होती, पण नाल्याच्या वळणावर तो आवाज आला की आई भाकरीचा तवा चुलीवर चढवायची.

वणीला कोळशाच्या फेऱ्यांसाठी एक ठेकेदार दुपारी गाडी बघणार होता. किंचाळणारी गाडी तो दारातूनच परत पाठवतो म्हणे. काम मिळालं नाही तर ट्रक विकायचा, हे घरात ठरलेलं.

महागावपर्यंत रस्ता छान. दोन्हीकडे तुरी, आणि आमचा भोंगा चालू. आर्णीच्या अलीकडे दादानं थांबून बॉनेट उघडलं आणि तिथंच चुकलं. या रस्त्यावर बॉनेट उघडलेली गाडी दिसली की कोणताच ड्रायव्हर तसाच पुढे जात नाही. थांबतो, मत देतो आणि हातही लावतो. नको म्हणणं म्हणजे त्याचा अपमान.

पहिला म्हणाला, "पट्टा ढिला हाय," आणि पान्यानं आवळून गेला. घाटंजीला आम्ही तर्री-पोहे खात होतो (तिखट सोसत असेल तरच तर्री मागा), तेवढ्यात उघडं बॉनेट बघून दुसऱ्यानं पट्ट्यावर साबण घासला. आवाज थांबला. दादा हसला. पुढच्या चढावर आवाज परत आला, आणि त्याच्या जोडीला एक घरघर. तिसरा म्हणाला, "पानी टाकून पाहा." पट्ट्यावर पाणी टाकल्यावर कुंई गेली, घरघर राहिली. मग त्यानंही जाता जाता पट्टा आवळला. मला काहीच कळेना. दादालाही कळत नव्हतं, फक्त त्याला मान हलवता येत होती.

पांढरकवड्याला शेवटी गॅरेज गाठलं. फिटरनं पट्टा काढला आणि एकेक पुली हातानं फिरवली. डायनेमोची पुली खरखरली.

"इतका कोनं आवळला? बेअरिंग गेली ना."

"सगळ्याइनं," दादा म्हणाला.

त्यानं बेअरिंग बदलली, पुलीवरचं तेल पुसलं, नवा पट्टा बेतानं ताणून बसवला. ट्रक गप्प झाला. मी विचारलं, "पण पहिल्यापासून कुंई कशानं होत होती? तेलानं की पट्ट्यानं?"

"ते आता कसं सांगू बाई? तिन्ही संगंच केलं ना."

करंजी, मारेगाव मागे टाकत वणीला पोचलो. रस्त्यावर काळी धूळ, पांढरा दुपट्टा घालू नका. ठेकेदारानं इंजिन चालू करायला लावलं, कान दिला आणि सोमवारपासून या म्हणाला. दादाचे डोळे भरून आले. माझेही आले, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी परतलो तर चूल थंड. आई अंगणात तूर निवडत होती. समोर ट्रक बघून दचकलीच.

"कवा आले तुमी? मले तं वाटलं, गाडी इकली."

"आवाज गेला, आई. काम भेटलं."

आई खूश झाली. मग हातातलं सूप खाली ठेवून म्हणाली, "मंग आता म्या तवा कवा ठेवू?"

दादानं तोडगा काढला, वळणावर हॉर्न देईन. मी सासरी परत आले, पण फोनवर कळतं, त्या वळणावर सगळेच हॉर्न देतात. आई दर वेळी उठते.