भुलीच्या डॉक्टरवरचा आरोप

“परक्यांची लेकरं यंत्रावर ठेवून वाचवली, अन् सख्खी माय धा मिनिटांत सोडून दिली. शिकलेलं पोरगं, दुसरं काय!” आमच्या माजी सरपंचांनी हे भुलीच्या डॉक्टरच्या शोकसभेतच ऐकवले आणि माना डोलल्या. मी उठलो तर म्हणाले, “गुरुजी, बसा. वाद नको.” सभेत बसलो. इथे, कागदावर, बसणार नाही.

भुलीचा डॉक्टर माझा शाळासोबती. सिद्धेश्वरच्या धरणाकाठी मेंढ्या राखणाऱ्या घरातला. पुढे तो शहरातल्या वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक झाला. आधी शस्त्रक्रियेची भूल आणि नंतर मेंदूला मार लागलेल्यांचा अतिदक्षता विभाग, यांत त्याची हयात गेली. गावाच्या लेखी मात्र तो अखेरपर्यंत सुई टोचणाराच राहिला. तो रागावत नसे. म्हणायचा, “टोचतो तर खरंच. पण सुईनंतरचं बघायला कोनी थांबत न्हाई.”

सुईनंतरचे मी माझ्या हर्नियाच्या वेळी अनुभवले आहे. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर हात धुऊन गेले. हा उशाशी उभाच. “गाव कोणतं तुझं?” मी आपले नाव सांगितले. त्याला ते पुरेना. “नाव कोनीबी सांगतं. गाव सांग.” चौथ्यांदा विचारल्यावर मी गाव सांगितले आणि वर एक कचकचीत शिवी हासडली. तो परिचारिकेला म्हणाला, “आला! बराबर आला!”

विद्यार्थ्यांना त्याची सक्त ताकीद असे की, घरच्या माणसाचा निर्णय आपण घ्यायचा नाही. “आपल्या माणसापाशी आपले डोळे खोटी साक्ष देतात.”

माय कोसळली तेव्हा तो सुटीवर गावी आला होता. आम्ही तिला हिंगोलीच्या एका रुग्णालयात नेले. तिथे योगायोगाने त्याचीच एक विद्यार्थिनी कामावर होती. “तू बघ,” तो तिला म्हणाला, “मी आज डॉक्टर न्हाई, पोरगा हाय.” आणि दाराबाहेर बाकावर बसला. शेजारी मी होतो. सरपंच खाली चहाच्या गाड्यावर होते.

त्या मुलीने मेंदूची छायाचित्रे पाहिली, डोळ्यांत उजेड टाकून पाहिला, काही तासांनी सारे पुन्हा तपासले. सकाळ गेली, दुपारही टळली. हीच सरपंचांची दहा मिनिटे! मग ती बाहेर आली. “सर, मेंदूत काही उरलं नाही. श्वासाच्या यंत्रानं छाती हलेल, आजी परत येणार नाहीत.”

खाली येऊन त्याने भावकीला एवढेच सांगितले, “यंत्र लावायचं न्हाई. मी ठरवलं.” त्याने खोटे सांगितले. खरे सांगितले असते तर गावाने त्या मुलीला जगू दिले नसते. मलाही त्याने शपथ घातली, “मी हाय तोवर बोलू नको.” आता तो नाही, आणि ती मुलगीही केव्हाच या जिल्ह्यातून गेली.

तिचा निर्णय त्याने शेवटी मान्य केला, हे खरे. पण त्याआधी, त्या दाराबाहेर, या प्राध्यापकाने आपल्याच विद्यार्थिनीपुढे हात जोडले. तो काय म्हणाला, ते ऐकणारा इथे आता मी एकटाच उरलो आहे:

“तरी लाव गं यंत्र. माय हाय माझी.”