अकोट्याचे बिशपसाहेब

सुभानराव जगदाळ्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांना एकविसावं लागलं होतं. घर बडोद्यात, पाणीगेटच्या आत, वडील सरकारी पागेत जमादार. एका जर्मन पाद्र्याला मराठी शिकवायला म्हणून मुलगा जाऊ लागला आणि शिकवता शिकवता स्वतःच ख्रिस्ती झाला. वडिलांनी आदळआपट केली नाही. जिवंत मुलाच्या नावानं घट फोडला, आंघोळ केली आणि कामावर गेले.

सुभानराव मध्य प्रांतातल्या ल्यूथरन मिशनात गेले. महायुद्धात सरकारनं जर्मन पाद्र्यांना नजरकैदेत टाकलं, तेव्हा अकरा गावांची ख्रिस्ती मंडळी एकट्या सुभानरावांच्या गळ्यात पडली. बैलगाडीतून हिंडत त्यांनी लग्नं लावली, साथीत माणसं पुरली. त्यात बायकोही गेली. तिच्या कबरीवरची प्रार्थनाही त्यांनीच म्हटली. दुसरं होतं कोण? पुढे मंडळीनं त्यांना बिशप केलं. तेव्हापासून ते आले की लोक उठून उभे राहत आणि चाललेल्या गप्पा थांबत.

वडील अत्यवस्थ असल्याचं कळलं तसे ते बडोद्याला धावले. पोचले तेव्हा तिरडी बांधून झाली होती. धाकटे भाऊ जयवंतराव दारात आडवे आले.

"खांदा तरी देऊ दे, जयवंता."

"तुमचं क्रियाकर्म आबांनी चाळीस वर्षांपूर्वीच उरकलंय. मेलेल्या माणसानं खांदा द्यायचा नसतो."

सुभानराव वीस पावलं मागून स्मशानापर्यंत चालत गेले. शेकडो मयतांवर म्हटलेली प्रार्थना ओठांवर आली ती हिंदीत. मराठी शब्द काही केल्या आठवेनात.

निवृत्तीनंतर त्यांनी बडोद्यालाच, अकोट्यात दोन खोल्या घेतल्या. शहरात ल्यूथरन असे ते एकटेच. रविवारी झगा चढवून ते उपासना करत. "प्रभू तुमच्याबरोबर असो," असं पाद्र्याचं वाक्य म्हणत, जरा थांबत, आणि मंडळीचं उत्तरही आपणच देत.

एका बुधवारी बाजारात जयवंतराव समोर आले. वांगी निवडता निवडता त्यांनी मान वर केली.

"केम छो, साहेब?"

"मजामां," सुभानराव म्हणाले.

घरात दोघं कधी गुजरातीत बोलले नव्हते. ती परक्यांशी बोलायची भाषा. जयवंतराव पिशवी उचलून निघून गेले.

पुढच्या बुधवारी सुभानराव त्याच वेळेला तिथं हजर होते. जयवंतरावही आले. पुढली सहा वर्षं, सुभानराव अंथरुणाला खिळेपर्यंत, दोघं भाऊ दर बुधवारी एवढंच बोलले.